आत्तीच्या हातचं जेवण आणि माझं वजन

मी जाड आहे. लहानपणापासून.

आणि यात माझ्या आत्तीचा काडीइतकाही दोष नव्हता!

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडून झालंय. आज मला ती जिंकली त्या दिवसाची गोष्ट सांगायचीय.

रेखा आणि मी, सुरेखा, जुळ्या बहिणी. अगदी सेम टू सेम. जन्म शाहूवाडीकडच्या डोंगरातला. घरी भातशेती, आईची तब्येत तोळामासा, दोन तान्ह्या पोरी एकदम झेपेनात. आत्तीला, म्हणजे वडिलांच्या बहिणीला, मूलबाळ नव्हतं. ती मला उचलून वारणानगरला घेऊन आली, कॉलनीतल्या दोन खोल्यांत.

आत्ती किडकिडीत. तिचे मिस्टर, माझे काकाही तसेच.
आणि मी पाचवीपासून फुगतच गेले.

सुट्टीला गावी गेलं की आम्हा दोघींना शेजारी उभं करायचे. रेखा डोंगर चढून-उतरून, चिखलात रोप लावून शेलाटी. मी गोलमटोल. चेहरा मात्र एकच!

झालं. निकाल लागला.

"लाडानं पोरीची पार वाट लावलीसा की, आक्का!"

हे म्हणणारे आमचे थोरले मामा, आईचे भाऊ. स्वतः दारातनं अंग तिरकं करून आत यायचे. पण त्यांना कुणी जाड म्हणत नसे. ते 'भरदार' होते.

एरवी आत्तीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तिथं मात्र खाली मान.

घरी परत आलं की तूप बंद, लोणी बंद. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून तिघांचंही बंद! काका बिचारे कोरडी भाकरी खायचे. सकाळी आत्ती मला घेऊन ग्राउंडवर चालायची. मी थोडी उतरायचे, मग परत होते तिथंच.

एकदा भाकरी थापता थापता ती काकांना म्हणाली, "माझ्याच हातात काय तरी खोट हाय. भावाचं पोर धड सांभाळता आलं न्हाय मला."

मी दारात उभी होते. तिला माहीत नव्हतं.

मग रेखाचं लग्न झालं. कोल्हापुरात. डोंगर सुटला, चिखल सुटला, काउंटरवर बसायची नोकरी लागली. आणि दोन-तीन वर्षांत काय झालं माहितीय?

रेखाची सुरेखा झाली!!

तेच गाल, तेच दंड, तीच कंबर. आम्ही एकमेकींचे ब्लाऊज घालायला लागलो. आणि संदीप दाजी, तिचे मिस्टर, त्याच कढईतलं खाऊन सडपातळच.

मीही तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडंच राहत होते. मग आम्ही तिघांनी मिळून डाएट धरलं. एकच चार्ट, एकसारखे डबे. दाजींची पँट महिन्यात ढिली झाली. आमचा काटा जेमतेम हलला, आणि दोघींचा एकाच जागी अडकला.

आत्तीला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "डाक्टरकडं जाऊया. मलाबी यायचंय."

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जुळ्या आहात, दोघींची जनुकं सारखीच. भूक किती लागते, पोट भरल्याचं कधी कळतं, अंगात चरबी किती साठते, यात जनुकांचा मोठा हात असतो. एखादंच जनुक नाही, अशी पुष्कळ असतात. म्हणून त्याच डाएटनं एकाचं वजन झरझर उतरतं, दुसऱ्याचं नाही."

"मग रेखा आदी बारीक कशी?" आत्तीनं विचारलंच.

"कष्ट होते ना तेव्हा. खाण्या-चालण्यानं फरक पडतोच. कष्ट सुटले आणि अंगातलं मूळ वळण वर आलं. चालणं सोडू नका, शुगर-बीपी सांभाळा. पण बारीक होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका."

आत्ती खुर्चीच्या टोकावर आली. "हे जनुक कुणाकडनं येतंय?"

"जन्म दिला त्या आईवडिलांकडून."

"सांभाळलं त्येच्याकडनं न्हाय?"

"नाही, मावशी."

"माझ्या हातानं न्हाय?"

"नाही."

आत्ती उठली. मॅडमचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली! इतकी मोठ्यानं, की बाहेर बसलेले पेशंट दारातनं डोकावायला लागले.

थोड्याच दिवसांत रेखाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. थोरले मामा आले. रेखाला बघून म्हणाले, "अगं, तुलाबी आत्तीनं न्हेलती काय?"

सगळे हसले.

आत्ती स्वयंपाकघरातनं बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

"पावणं, हिला मी कवा चारलं? सांगा की!"

मामा रेखाकडं बघायला लागले.

"एक तुमच्या भनीनं वाढवली, एक म्या. दोघी एका मापाच्या झाल्या. मग माझ्याच हातात खोट व्हती व्हय?"

आणि तिनं आम्हाला मामांच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. "आता बगा समदी. कुणावर गेल्यात पोरी?"

मध्ये मामांचं पोट, दोन्हीकडं आमची!

अख्खा हॉल हसत सुटला. मामासुद्धा हसले. हसता हसता थांबले आणि हात जोडले.

"चुकलं, आक्का. उगंच बोलत ऱ्हायलो इतकी वर्सं."

त्या दुपारी आत्ती पंगतीत माझ्या शेजारी बसली. तूप वाढायला आलं तेव्हा तिनं पोळी पुढं केली. माझीही.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. शेवटच्या दिवसांत एक नवीन नर्स आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, मुलगी तुमच्यासारखी नाही दिसत."

आत्तीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"अंग मामाचं हाय," ती म्हणाली. "पोरगी माझी हाय."

आत्ती, तुला नमस्कार. असशील तिथं सुखात राहा.