नऊवेस वसवणारे पाटोळेकाका

पाटोळेकाका कुठल्याही नव्या गावात एसटीतून उतरले की पहिल्या टपरीवर चहा सांगायचे आणि विचारायचे, ‘‘इथं लोक भांडत्यात कशावरनं?’’ शेवगावच्या टपरीवाल्याला वाटलं, हा माणूस निवडणुकीची चाचपणी करतोय. त्यानं चहाच दिला नाही. श्रीगोंद्याला मात्र एकानं कालव्याच्या पाण्याचं भांडण असं रंगवून सांगितलं, की आमची परतीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. सोबत गेलेली मी वैतागले. काका आपले खूश! म्हणाले, ‘‘पोरी, गाडी दुसरी येईल. हे भांडन पुन्हा कोन सांगनार?’’

भांडणं त्यांना शहरांसाठी लागायची. नागापूरच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या भाच्यानं एक खेळ आणून दिला आणि माणूस हातचा गेला. टेबलाभोवती बसून खेळायची ही गोष्ट. एकजण सूत्रधार. तो शहर रचतो आणि त्या शहरातला वाणी, वैद्य, चोर, कोतवाल सगळे तोच होतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या शहरात वावरायचे. पेच पडला की फासे टाकायचे. आमच्या टेबलाला आम्ही तिघं होतो. मी शेजारीण, गॅरेजवाले रफिकभाई आणि सुलूकाकू, म्हणजे काकांची बायको. रविवारी चर्च सुटलं, मटण-भाकरी झाली, की दुपारी खेळ. माझी आई म्हणायची, कोर्टात नोकरी करणारी घोडी झालीस आणि फासे कसले खेळतेस? तिला काय सांगणार!

काकांची शहरं एकदा ऐकली की डोक्यातून जायची नाहीत. एका शहरात घर एकाचं आणि त्यावरचं छप्पर दुसऱ्याचं, त्यामुळं मिरच्या कुणी कुठं वाळवायच्या यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर. दुसऱ्या शहरातला पूल कधीच पुरा व्हायचा नाही, कारण मजुरांना दुपारचं जेवण सगळं गाव घालायचं आणि त्या पंगतीतच लग्नं जुळायची. मी एकदा हौसेनं माझं शहर रचून नेलं. सोन्याचे बुरुज, संगमरवरी वाडे, काय काय. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बुरुज कुनीबी बांधतंय. तुझ्या शहरात सकाळी दूध नासलं तर बाई कुनाच्या नावानं बोटं मोडती, ते सांग.’’ मला सांगता येईना. मग म्हणाले, ‘‘मंग ते शहर न्हाई, कॅलेंडरवरचं चित्र हाय.’’ मला इतका राग आला, की पुढच्या रविवारी मी गेलेच नाही.

त्यांचं सगळ्यात लाडकं शहर नऊवेस. नऊ वेशींचं. तिथला कायदा एकच. परक्याला आत यायचं तर आतल्या कुणीतरी वेशीवर येऊन ‘हा माझा’ म्हणायचं. नाही म्हटलं, तर राजा असला तरी बाहेर. सुलूकाकू तिथं वेशीची राखणदारीण होत्या आणि काय तोऱ्यात असायच्या! जन्मभर शाळेत पोरांना रांगेत उभं केलेली बाई ती. रफिकभाईंचा व्यापारी एकदा लाच द्यायला गेला, तर त्याला ओणवं उभं केलं.

आणि त्याच काकू विसरायला लागल्या. भाजी आणायला गेल्या आणि रिक्षा करून शाळेच्या जुन्या क्वार्टरवर जाऊन बसल्या. मग माणसांची नावं गेली. बोलणंही मागं मागं जाऊन माहेरच्या राजूरच्या वळणावर आलं. नगरचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, प्रार्थनासभा झाल्या, कुणी दिलेलं तेल झालं. डॉक्टर म्हणाले, हे उतरणीला लागलेलं आहे, थांबणार नाही. पण सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या काकूंना नऊवेशीच्या गल्ल्या मात्र पाठ होत्या. तेलीआळीतून कुंभारवेशीला कसं जायचं ते त्या धडाधड सांगायच्या.

बुडणाऱ्या माणसानं फांदी धरावी तसे काका नऊवेशीला लटकले. नवी शहरं बंद. रविवारचा खेळ रोजचा झाला. काकूंचं जे जे हातातून सुटेल ते ते नऊवेशीत नेऊन ठेवायचे. राजूरचा बाजार तिथं वसवला, त्यांची शाळा वसवली, त्यांच्या मेलेल्या भावाला तिथं हातमाग टाकून दिला. जेवणाकडं लक्ष नाही, दाढी नाही, माणूस नुसता हाडांचा सापळा झाला. मी एकदा चिडून म्हटलं, काका, हे शहर आहे, औषध नाही. त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘दुसरं काय हाय माझ्याकडं? सांग ना, काय हाय?’’ मला रडू फुटलं.

मग एका दुपारी चहा देताना काकूंनी त्यांना विचारलं, आपण कोण? काका खुर्चीत बसले ते उठेचनात. मला म्हणाले, ‘‘वैशाली, मी त्या शहरातला तेली झालो, वैद्य झालो, हिचा भाऊ झालो. सगळं गाव झालो. पन मीच न्हाई गं त्याच्यात कुठं. मला ठेवायचंच इसरलो.’’ खरंच होतं ते. सूत्रधार सगळ्यांच्या तोंडून बोलतो, त्याला स्वतःचं पात्र नसतं. इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूत्रधारी माझ्याकडं दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पात्र घेतलं, तेही स्वतःच्याच नावाचं. भास्कर, नगरचा, म्हातारा. नव्या पात्राची ताकद फाशांवर ठरायची, म्हणून रफिकभाई म्हणाले, ताकदीचे फासे टाका की. ‘‘जेवढी हाय तेवढीच लिव्हा,’’ काका म्हणाले. मला मात्र बाजूला घेऊन बजावलं, की त्यांना आत घेण्यासाठी मी कुठल्याही पात्राकडून ‘हा माझा’ म्हणवायचं नाही. ‘‘तिनं म्हनलं तरच. न्हाई तर मला आत येऊन काय करायचंय?’’

दाढी करून, चर्चला जायचा सदरा घालून काका व्हरांड्यातून दाराशी आले. मी सांगितलं, वेशीवर एक माणूस आलाय. काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं.

‘‘कोन हाय तुमचं आत?’’

‘‘बायको हाय,’’ काका म्हणाले.

‘‘बोलवा तिला. तिनं म्हनाया पायजे.’’

काका तिच्याकडंच बघत राहिले. काकू वाट बघून बघून शेवटी म्हणाल्या, कोणी येत नाहीये, तेव्हा बाहेर बसा, नियम आहे. काकांनी मुकाट्यानं खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. रफिकभाई टेबलावरून उठून मोरीत तोंड धुवायला गेले. देवाचासुद्धा राग आला मला त्या दिवशी.

काका रोज येत राहिले. रोज तोच सदरा, तीच विनवणी. कधी लग्नातली आठवण सांगायचे, कधी राजूरच्या चढावर दोघं भिजले होते ते. काकू लक्ष देऊन ऐकायच्या आणि बाहेर बसवायच्या. काही दिवसांनी त्यांना दया आली असावी. मला म्हणाल्या, त्या बाहेरच्याला चहा देत जा, रोज येतो बिचारा. चहा घेऊन मी व्हरांड्यात गेले, तर काका म्हणाले, ‘‘तिनं धाडला?’’ हो म्हटल्यावर कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. चहा निवून गेला तरी पिववेना त्यांना.

उन्हाळा संपता संपता काका गेले. सकाळी दाढी करता करता खाली कोसळले, दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. घर माणसांनी भरलं, पाळकांनी प्रार्थना केली. काकू पाहुण्यांसारख्या एका कडेला बसून होत्या. कोण वारलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी त्याच टेबलाशी येऊन बसल्या. मला आणि रफिकभाईंना खेळवत नव्हतं, पण त्यांच्यासाठी बसलो. मी नऊवेशीतली सकाळ सांगायला लागले. काकूंचं ध्यान नव्हतं. त्या सारख्या दाराकडं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘आज त्यो मानूस न्हाई आला.’’

‘‘नाही काकू,’’ मी म्हटलं. ‘‘आता नाही येणार तो.’’

हातातला फासा काकूंनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘त्याला आत घ्यायचं राहूनच गेलं बघ.’’