सांडलेलं मीठ

माझे वडील मिठागरातले. खाडीचा बांध फुटून आगर गेलं, तेव्हा आम्हाला घेऊन ते अंबरनाथला आले. रंग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात त्यांना गोदामाचं काम मिळालं. पोती उतरवायची, पिंपं भरायची, झाडलोट करायची. घरी येत तेव्हा कधी कानांत पिवळा रंग, कधी नखांत लाल. आई म्हणायची, यांची रोजच रंगपंचमी.

आमच्यात सांडलेलं मीठ पायाखाली येऊ देत नाहीत. मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं म्हणे. चिमूटभर सांडलं तरी वडील उकिडवे बसून बोटांनी टिपून घेत. मला या प्रकाराचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

एके दिवशी गोदामात एक पोतं फाटलं. आत पांढरे, किंचित पिवळट खडे, दमट हवेने एकमेकांना चिकटलेले. ते सोडियम नायट्राइट. रंग तयार करायला लागतं, लोखंडाला गंज चढू नये म्हणूनही वापरतात. दिसायला मीठ, जिभेलाही खारट. हे सगळं मी पुढे कॉलेजात शिकले. वडिलांना एवढंच दिसलं की मीठ सांडलंय आणि माणसं त्यावरून चपला घालून चालली आहेत. त्यांनी ते ओंजळीने गोळा केलं. मुकादम ओरडला, "हाथ मत लगाओ, ये खाने का नमक नहीं है!" हेही आम्हाला त्यांनीच रात्री जेवणं झाल्यावर हसत सांगितलं.

"मिठान जलम गेला माझा. मना मिठ कोन शिकवनार?" असं म्हणत त्यांनी पंच्याची गाठ सोडली, एक कण जिभेवर ठेवला आणि मान डोलावली. आईने ते सगळं मिठाच्या मडक्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेल्यावर आईने पेज केली. मी दहा वर्षांची, धाकटा भाऊ चारचा. त्याने दोन वाडगे संपवले. थोड्याच वेळात तो भिंतीला टेकून पेंगायला लागला.

"याचं व्हट बघ कसं निलं झायलं," आई म्हणाली. तिला वाटलं, नजर लागली. तिने मडक्यात हात घातला, मूठभर मीठ आणि मिरच्या घेतल्या आणि त्याची दृष्ट काढली. त्याच मडक्यातलं मीठ! मिरच्यांचा ठसका उठला नाही, म्हणजे नजर कडक आहे, म्हणून तिने पुन्हा ओवाळलं. त्यात वेळ गेला. मग ती त्याला खांद्यावर टाकून शेजारच्या निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प चारच्या सिंधी डॉक्टरकडे धावली, मी तिच्या मागे.

डॉक्टरांनी त्याच्या बोटाला सुई टोचली. रक्त तपकिरी आलं. त्यांचा चेहरा उतरला. "क्या खाया इसने?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "पेज." त्यांनी टांगा बोलावला आणि आम्हाला मोठ्या दवाखान्यात धाडलं. भाऊ वाटेतच, आईच्या मांडीवर गेला.

हे मीठ पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. वेळेवर एक निळं इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचतो. ते औषध म्हणजे मुळात एक रंगच. पिंपावर नाव लिहावं, झाकण घट्ट लावावं, हातमोजे घालावेत, अन्नाजवळ ठेवू नये, सांडलं तर उघड्या हाताने उचलू नये. पुस्तकात हे नियम अर्ध्या पानात संपले होते. ते वाचून मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि रडले.

आईने वडिलांना एका शब्दाने दोष दिला नाही. माझं मात्र ती येईल त्याच्याकडे कौतुक करायची. म्हणायची, "पोरीनं शेवटी आपल्या वाटची पेज भावाला दिली."

पहिल्याच घोटाला मला ती पेज कडवट लागली होती. टाकली असती तर आई रागावली असती, म्हणून मी माझा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. आई जाईपर्यंत हे मी तिला सांगितलं नाही.