जपानी सिनेमातली ती बाई
जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या प्लॅस्टिकचा वास आला, की मला सांगलीतलं कॉलेज आठवतं. मी आटपाडीकडची, रंगानं काळी. जिवलग मैत्रिणीनं एका रविवारी दुपारी कॅसेटवर जपानी भुताचा सिनेमा बघायला घरी बोलावलं. वर्गातल्या आणखी चौघी आल्या होत्या. सिनेमात ओसाड दवाखान्यात अडकलेल्या माणसांत एकच काळी बाई होती. ती वाचावी म्हणून मी मुठी आवळून बसले, पण भुतानं सगळ्यांत आधी तिलाच ओढून नेलं. चौघी माझ्याकडे बघून हसल्या. “खरंच गं, तू म्हणालीस तशी डिट्टो हीच दिसती,” एक जण माझ्या मैत्रिणीला म्हणाली, “म्हणून बोलावलंस व्हय हिला?” मैत्रीण मान खाली घालून पोहे वाढत राहिली. मी चपला घालून निघाले. त्या चौघींची नावंही आता आठवत नाहीत, पण त्या मैत्रिणीला मी अजून माफ केलेलं नाही.