सुभेदारांचं वडाचं रोप

सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणारे आम्ही वरच्या रोपांसाठी पाण्याची बाटली नेतो. त्यातलेच एक रिटायर्ड सुभेदार. भेटेल त्याला ‘राम राम’ नंतर, आधी “बाटली भरलीया न्हवं?”

एकदा त्यांच्या वडाच्या रोपापाशी पोचता पोचता मला गरगरलं. दगडावर टेकून मी माझ्या बाटलीचं झाकण उघडलं. सुभेदारांनी ती अलगद काढून घेतली आणि रोपाला ओतली.

“आवं, मला चक्कर येतीय!”

“तुमाला खाली जाऊन पिता येतंय. त्याला येतंय व्हय?”

मग हात धरून मला पायथ्यापर्यंत उतरवलं आणि चहाच्या टपरीवर तांब्याभर पाणी पाजलं.

तेव्हापासून मी दोन बाटल्या नेतो. एक वडाला, एक मला. आज बघतो तर सुभेदारांनी शेजारी दुसरं रोप लावलंय.