पश्चिमेची भिंत

दरवर्षी मे संपताना शमुवेलकाका देवळाच्या पश्चिम भिंतीला झापं बांधत. देऊळ म्हणजे देवरूखच्या अलीकडच्या एका गावातलं लूथरन चर्च. तिथली ख्रिस्ती मंडळी त्याला देऊळच म्हणतात. झापं म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली तट्टी. काका सत्तरीचे, पेशाने गवंडी आणि देवळाचे बिनपगारी राखणदार. शिडीवर उभं राहून ते सुंभाने एकेक झाप आवळत आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला सांगत, "मार्थे, शिडी धर. गप्पा मागनं मार."

मी मूळचा सोलापूरचा. त्या गावी पहिल्यांदा गेलो तेव्हा रत्नागिरीला बदली होऊन दोन महिने झाले होते आणि जुन्या इमारतींवर वृत्तपत्रात मालिका लिहीत होतो.

काकांनी मला देऊळ दाखवलं. दोन हात जाडीच्या भिंती, घडीव जांभ्या चिऱ्याच्या, चुन्यात बसवलेल्या. बाहेरून गिलावा नाही. खिडक्यांच्या टोकदार कमानी परदेशी मिशनऱ्याच्या नकाशातल्या. छपराचा उतार मात्र गावातल्या घरांसारखा, आणि दारापुढे पडवी.

"सायबाच्या नकाशात पडवी नव्हती," काका म्हणाले. "माजा पणजा गवंडी. तो म्हनाला, सायबानू, तुमच्याकडं पाऊस उभा पडत असंल, आमचा आडवा येतो. पडवी नको तर छत्री घेऊन उपासना करा."

भिंत ओली होत नाही का, असं मी विचारलं.

"व्हते. मगे सुकते. चिरा पानी पितो नि वाऱ्याला परत देतो. साठवायचा सोस मानसाला, चिऱ्याला नाय."

हे मी वहीत लिहून घेतलं. बातमीत घेतलं नाही. बातमीत लिहिलं की चर्चची पश्चिम भिंत इतकी जीर्ण झाली आहे की ती झापांनी झाकून ठेवावी लागते. ती कोणत्याही क्षणी कोसळू शकते. कोकणात धडधाकट घरांच्या भिंतींनाही पावसाळ्यात झापं बांधतात, हे मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही. कोसळण्याचं वाक्य उपसंपादकाला हवं होतं, ते मी दिलं.

मुंबईत नोकरीला असलेली मंडळीतली तरुण माणसं बातमीचं कात्रण घेऊन गावी आली. सभा झाली. काका म्हणाले, "भिंतीला काय झालेलं नाय." एकाने बातमी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "काका, पेपरवाला उगाच लिहील काय?" काका खाली बसले. भिंत पाडून सिमेंटची बांधायचं ठरलं.

पाडकाम बघायला मी गेलो. ठेकेदाराने दोन दिवस धरले होते, नऊ लागले. पहार मारली की सांधा सुटत नसे, चिरा फुटत असे. काका पडवीत बसून होते. मी शेजारी बसलो.

"काका, माझं चुकलं."

"चूक माजी, सायेब. तुमी घाटावरचे. आदी झाप कशाला बांदतात ता सांगायला हवं होतं. मी मेला कमानी दाखवत बसलो." थोड्या वेळाने म्हणाले, "भिंत चांगली व्हती, येवढं पेपरात लिवा. पणज्याला कोन नावं ठेवू नये."

मी लिहितो म्हणालो. त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. भिंत चांगली होती असं लिहिलं तर आधीची बातमी खोटी ठरत होती. 'जीर्ण भिंत अखेर उतरवली' असा मथळा दिला. काकांनी तो वाचला की नाही, माहीत नाही. नंतर दोनदा भेटलो, त्यांनी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी काका वारले. अंत्यविधीची उपासना त्याच देवळात झाली. प्रार्थनेनंतर पाळक म्हणाले, "ज्यांच्या बातमीमुळे आपलं देऊळ वाचलं, ते पत्रकार बंधू आज इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी उठलो. काकांच्या सेवाभावाबद्दल बोललो, त्यांच्या विनोदाबद्दल बोललो. लोकांनी माना डोलावल्या. भिंतीबद्दल मी शब्द काढला नाही. मार्थाकाकू पहिल्या बाकावर होत्या. मी बोलत होतो तोवर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी खाली बसल्यावर त्यांनी मान वळवली.