बंपरमागचं लोखंड

आमची गाडी जव्हारच्या घाटात धापा टाकायची, तिथून हे सगळं सुरू झालं. डिझेलवरची, उंच, जुनी गाडी. महिन्यातल्या एका रविवारी मी, बायको आणि बाबा जव्हारला माझ्या बहिणीकडे जातो. मागे तांदळाचं पोतं, वालाच्या शेंगा, नारळ आणि बाबांनी निघता निघता आणून कोंबलेलं काहीतरी, कधी केळफूल, कधी नुसता धार लावलेला विळा. एवढं ओझं घेऊन चढ लागला की गाडीचा आवाज वाढायचा आणि वेग उतरायचा. मागून येणारा टेम्पोसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जायचा. मला ते सहन होत नसे. मी विरारच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि एखादी गोष्ट का होते हे कळलं की ती बदलता येतेच, असा माझा फार जुना समज आहे.

का होतं ते मला कळलं होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही. म्हणून ती वाटेत गार करायला एक जाळीदार पेटी असते, रेडिएटरसारखी दिसणारी. तिला इंटरकूलर म्हणतात. कंपनीने दिलेला आमचा इंटरकूलर अगदीच लहान होता. मी बाहेरच्या बनावटीचा मोठा मागवला. तो आला त्या दिवशी मी खोका चार वेळा उघडून पाहिला. बायको म्हणाली, "अहो, झोपू द्या त्याला आता."

मोठा इंटरकूलर बसतो गाडीच्या अगदी नाकावर, बंपरच्या मागे, जिथे समोरचा वारा थेट लागतो. म्हणजे बंपरही वेगळा हवा, मोठ्या तोंडाचा. मी टेप घेऊन पेटी मोजली, आठ दिवस फोनवर बंपर पाहिले आणि रुंद तोंडाचा एक फायबरचा बंपर मागवला. शिरसाड फाट्याजवळच्या गॅरेजात तो लावायला घेतला आणि माझी हुशारी उघडी पडली. मी फक्त जाळी मोजली होती. तिच्या दोन्ही अंगांनी निघणारे जाड पाइप मी मोजलेच नव्हते. बंपर कोपऱ्यांत अडकला, आणि मधोमध आडव्या लोखंडी बारवर इंटरकूलर टेकला.

हा बार बाहेरून दिसत नाही. आपण ज्याला बंपर म्हणतो तो नुसता मुखवटा. धडक घेतो तो मागचा बार.

गॅरेजवाला माझ्याच वयाचा, सोपाऱ्याचा माणूस. म्हणाला, "सर, बार काढून टाकू ना. टेन्शनच नाही. आत कोण बघतंय? दुसरा बंपर देतो, एकदम फिट बसेल."

मी लगेच हो म्हटलं नाही, कारण तो बार मला चांगला माहीत होता. काही वर्षांपूर्वी चांदीपच्या वळणावर आमच्या गाडीपुढे म्हैस आली होती. गाडी बाबा चालवत होते, शेजारी आई होती. बंपरचा चुरा झाला, बार मधोमध वाकला, आणि आईचा फक्त हात मुरगळला. त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि शेवटी आजारानेच गेली. बाबांनी बंपर नवा घातला, पण तो वाकलेला बार तसाच परत बसवून घेतला. "वाकला हाय, तुटला नाय," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दसऱ्याला गाडीची पूजा करताना पहिलं हळदकुंकू स्टिअरिंगला नाही, बंपरच्या मध्यावर लागायचं.

हे सगळं मला आठवत होतं, तरी मी थोड्या वेळाने गॅरेजवाल्याला हो म्हटलं. वाकलेल्या लोखंडात कसली ताकद, असं मी स्वतःलाच शास्त्रशुद्ध समजावलं. ते खरंही होतं. पण त्या जागी सरळ बार घालायचा, एवढं शास्त्र मला त्या दिवशी सुचलं नाही. दुसरा बंपर सुरेख बसला. आतून चकचकीत जाळी दिसत होती, आणि परत येताना गाडी अशी ओढ घेत होती की मी उगाचच वज्रेश्वरीपर्यंत जाऊन आलो.

पंधरा दिवसांनी दसरा आला. चांदीपच्या आमच्या अंगणात गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. बाबा ताट घेऊन आले. नवा बंपर त्यांनी निरखून पाहिला, "मोठा आ वासलाय हिनं," म्हणाले. मग बोट वाकवून सांध्याने मध्यावर ठोकलं. एकदा, दोनदा, मग जरा बाजूला, मग परत मध्यावर. फणस काढताना ते असेच ठोकतात, नारळ घेताना असेच ठोकतात. साठ वर्षं ठोकून आतलं ओळखणाऱ्या माणसापासून मी गाडीतलं लोखंड लपवायला निघालो होतो.

"आत काय नाय रे," ते म्हणाले.

मी इंटरकूलर समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळदकुंकू बॉनेटला लावलं, बंपरला लावलंच नाही. "ते लोखंड परत घाल, मंग मी बसतो," म्हणाले आणि ताट घेऊन घरात गेले.

त्या महिन्यात जव्हारला जायच्या वेळी बाबा पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. वर बायकोला म्हणाले, "बाय, तू चल माझ्यासंगती. माझा गुडघा धड नाय, चढता-उतरताना हात देशील." ती बिचारी दोन बस बदलत, उभ्याने, त्यांचा हात धरून गेली. आणि मी गाडीत एकटा, शेजारच्या सीटवर केळफूल. घाट मी झपाट्याने चढलो. दोन टेम्पो मागे टाकले आणि ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं. पुढच्या महिन्यातही तेच. मला राग आला होता. मनात येईल ते बोलत होतो, स्टिअरिंगशीच. एका वाकड्या लोखंडासाठी म्हातारा हट्टाला पेटलाय, वर माझ्या बायकोलाही फरफटतोय.

पण रागाच्या खाली वेगळंच काहीतरी डाचत होतं. तो बार म्हणजे आईची शेवटची सहा वर्षं, आणि मी तो गॅरेजात टाकून आलो होतो. बाबांना तो परत आणून द्यावा, म्हणजे ते निवतील, असं मला वाटलं. मी गॅरेजात गेलो. बार भंगारात गेला होता. भंगारवाल्याकडे गेलो, त्याने पुढच्याचं दुकान दाखवलं. दोन शनिवार मी सोपारा पूर्वेला गंजलेल्या ढिगांतून एक वाकलेला बार शोधत फिरलो. वाकलेले बार पुष्कळ होते. आमचा कुठला, हे माझं मलाच ओळखता येईना.

शेवटी चांदीपला गेलो. बाबा पडवीत वाल सोलत बसले होते. मी सरळ सांगून टाकलं, की बार गेला, मिळत नाही, आईची तेवढी आठवण होती, ती मी घालवली. वयाच्या पन्नाशीला मी बापापुढे रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाबांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुझ्या आयशीची आठवन त्या लोखंडात कशाला असंल? गेलं तर गेलं. दुसरं घाल."

"मग तुम्ही गाडीत का बसत नाही?"

"मी मागं बसतो रे. माझं काय जातंय? पुढं बाय बसते."

मला कळायला वेळ लागला. ते शेंग सोलत राहिले. "म्हस आली तवा माझ्या हातात स्टेरिंग होतं, पायात बिरेक होता. तुझ्या आयशीच्या हातात काय होतं? मांडीवरची पिशवी. ती पिशवी धरून नुसती बघत बसली. मी पन बघितलं तिच्याकडं. आता मागं बसून परत तेच बघत बसू काय?"

मी विचारलं, "म्हणून हिला एसटीने नेलंत? गुडघा...?"

"गुडघा दुखतो, खोटं नाय," ते म्हणाले. "पन हात मला यष्टीतली पोरंपन देतात."

त्या क्षणी मला स्वतःचीच जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. घाटात मागे टाकलेले दोन टेम्पो मी मोजले होते. माझ्या गाडीत पुढे कोण बसतं, याचा हिशोब मी कधी केलाच नव्हता.

मग बंपर निवडायला आम्ही दोघं बसलो. बाबांनी नारळाच्या झावळीतून एक लांब हीर, पात्याची मधली काडी, काढली. आमच्याकडे मांडवाचा बांबू असो की केळीच्या दोन खड्ड्यांमधलं अंतर, अशाच काडीने मोजतात आणि नखाने खूण करतात. त्यांनी इंटरकूलर या पाइपच्या टोकापासून त्या पाइपच्या टोकापर्यंत मोजला, म्हणजे जे मी सोडलं होतं तेही धरून. दुसऱ्या हिरेवर बारची जागा आणि तिच्याखाली उरणारी उंची. माझ्या टेपपेक्षा त्या दोन काड्यांनी जास्त सांगितलं. मोठा इंटरकूलर बारखाली मावणं शक्यच नव्हतं. मी तो देऊन टाकला आणि बुटका, लांबट घेतला. तो बारच्या खाली नीट बसतो. बंपर असा निवडला की ज्याचं तोंड खालच्या अंगाला उघडतं, जाळीच्या बरोबर समोर. वर नवा, सरळ बार. गॅरेजवाला त्या दोन काड्या हातात घेऊन म्हणाला, "सर, हे काय?" मी म्हटलं, "माप."

गाडी अंगणात आली तेव्हा बाबांनी बोट वाकवून मध्यावर ठोकलं. मग बाजूला. मग परत मध्यावर. बॉनेट उघडायला लावून वाकून पाहिलंही, कारण माझ्यावरचा विश्वास त्यांनी अजून पुरता परत दिलेला नव्हता. मग घरातून कुंकू आणलं आणि बंपरला लावलं. दसरा जाऊन तीन महिने झाले होते.

त्या रविवारी ते मागे बसले, पोत्याला टेकून. बायको सवयीने थांब्याकडे निघाली होती. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बाय, बस पुढं."

घाटात गाडी पूर्वीपेक्षा बरी चढते, त्या मोठ्या इंटरकूलरइतकी नाही. एक टेम्पो हॉर्न वाजवून पुढे गेला. मी बायकोकडे पाहिलं. मांडीवर पिशवी धरून ती झोपली होती.