अलाइनमेंट ओके, खाली माझी सही

एसटीनं स्टँड सोडलं तेव्हा मनीषा हमसून हमसून रडत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते, "गप गं, चाकणलाच चाललोय, सासरी नाही." खिडकीखाली तिची आई, आमची शांतामावशी, बसबरोबर दहा पावलं चालली. "एकमेकीला धरून राहा गं पोरींनो," एवढंच म्हणाली. माझे अण्णा आलेच नाहीत. स्टँडच्या मागंच त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, पण गिऱ्हाईक बसलं होतं म्हणे. गिऱ्हाईक कसलं डोंबलाचं! रडताना दिसायचं नव्हतं त्यांना.

गावातल्या लोकहो, आणि माझ्यासारखं बोचकं बांधून इकडं आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. मनीषा मोबाईल बघत होती म्हणून तिचा डोळा गेला, असं तुम्ही सगळे म्हणता. तिचं ठरलेलं लग्नही त्याच बोलण्यानं मोडलं. ती मोबाईल बघत नव्हती. मला माहीत आहे, कारण मी तिच्याशेजारी उभी होते.

आम्ही दोघी आयटीआय केलेल्या. चाकणच्या पुढं एका शेडमध्ये परवाना असलेली छोटी कंपनी होती, नेमबाजीच्या सरावाची काडतुसं भरणारी. सरावात उडवलेल्या रिकाम्या पितळी नळ्या तिथं परत यायच्या आणि साफ होऊन पुन्हा भरल्या जायच्या. त्या नळीला केस म्हणतात. पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाले, "केस सरळ बसली पाहिजे," तर मनीषानं आपली वेणी चाचपली. आठवडाभर हसत होतो आम्ही त्यावर. एका खोलीत दोन चटया, एक गॅस, आणि रविवारी तिच्या हातचं पिठलं. मला भाकरी थापता यायची नाही, तिला रस्ता ओलांडता यायचा नाही. तसं बरं चाललं होतं.

मशीन म्हणजे एक गोल ताट. ताटाच्या कडेला खाचा, प्रत्येक खाचेत एक केस उभी. दांडा ओढला की ताट एक घर पुढं सरकायचं आणि प्रत्येक घरात केसवर एकेक काम व्हायचं. एका घरात तिच्या बुडाला टोपी बसायची. टोपी म्हणजे ठिणगी देणारी इवलीशी वाटी, वेडावाकडा दाब आला की फुटणारी. मनीषा दांडा ओढायची. मी सेटर, म्हणजे मशीन रुसलं की त्याची समजूत काढणारी.

त्या दिवशी सकाळपासून केस तिरकी येत होती. मी ताट पुसलं, खाचा बघितल्या, दुसऱ्या केस घालून पाहिल्या. टोपीच्याच घरात कलायची. म्हणजे ताटाखालची चकती झिजली होती. खरं काम काय, तर मशीन पूर्ण रिकामं करायचं, ताट उतरवायचं, चकती बदलायची आणि नुसत्या केस फिरवून बघायच्या. दीड तास तरी गेला असता. सुपरवायझर मागं उभे. "सुनंदा, झालं का? टार्गेट बोंबललंय आपलं."

अण्णांच्या दुकानात मशीन डुगडुगलं की एकच औषध. "पॅकिंग मार खाली, गप बसतंय." लहानपणापासून ऐकलेलं. मी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कातरला, दुमडला आणि ताटाखाली सारला. केस कशा शिपायासारख्या उभ्या राहिल्या! वहीत लिहिलं, अलाइनमेंट ओके. खाली सही. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला स्वतःचा. शिलाई मशीन डुगडुगलं तर फार तर टाका चुकतो, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

जेवणानंतर मनीषा म्हणाली, "सुने, दांडा जड लागतोय गं."

मी म्हणाले, "लाव की जरा जोर. भाकरी खाल्ली नाहीस का?"

तिनं जोर लावला. खालचा पत्रा सरकून ताट कललं होतं, दाब वाकडा आला. टोपी फुटली आणि पितळेचा तुकडा सरळ तिच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळे सांभाळायला दिलेल्या चष्म्यावर वाफ धरायची म्हणून तिनं तो कपाळावर सारला होता. तिची चूक एवढीच, आणि ती आम्ही सगळ्याजणी रोज करायचो.

आता पुढचं. बायकांनी तिला उचलून बाहेर गाडीपर्यंत नेलं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला. तुम्हाला वाटत असेल मी तिचा हात धरून होते. नव्हते. मी ताटाखालचा पत्रा काढत होते.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी कागद पुढं केला. ऑपरेटरचं लक्ष मोबाईलमध्ये होतं, असं लिहिलेलं. मोबाईल गेटवर जमा करायचा नियम, तरी काहीजणी चोरून आत आणायच्या, त्यामुळं ते कुणालाही पटण्यासारखं होतं. मनीषाचा गेटवरच होता. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "सेटिंग तर ओके होतं ना? सही तुझीच आहे." मी त्या कागदावरही सही केली. पुढं पर्मनंट झाले. तिला तिचा भाऊ गावाकडं घेऊन गेला. मग शांतामावशीचा फोन आला, "खरंच का गं माय, मोबाईल बघत होती?" मी म्हणाले, "मी लांब होते, मावशी." इतकी नीच मी आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा दोन चटया होत्या. आता रहाटणीत वन आरके आहे, फ्रीज आहे, लिफ्ट आहे. तेव्हा गावाकडं जायला निमित्त लागायचं नाही, आता न जायला शोधते. ओव्हरटाइम आहे, अंगात कणकण आहे, सुट्टी मंजूर नाही. दोन दिवाळ्या अशाच ढकलल्या. अण्णा दुकानात येईल त्याला सांगतात, "आमच्या सुनीनं बसवलेलं हलत नाही." मी फोनवर नुसतं हं हं करते.

मागच्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. अधूनमधून येतो. मला कधीच दोष देत नाही, कशाला देईल? तिला पत्र्याचं ठाऊकच नाही. बोलता बोलता म्हणाली, "आठवून आठवून डोकं दुखतंय गं. मी त्या दिवशी मोबाईल आत नेला होता का? मला तर गेटवर दिल्यासारखं वाटतं. पण सगळेच म्हणतात तर नेलाच असेल."

तिथं माझा धीर सुटला. डोळा घेतला तो घेतला, आता तिच्या डोक्यातली खरी आठवणही मी पुसत होते. सगळं सांगितलं. पत्रा, वही, कागद, मावशीशी बोललेलं खोटं. ती रडली नाही. एकच विचारलं, "तू पत्रा काढत होतीस, तेव्हा मी तुलाच हाका मारत होते. ऐकू येत होत्या?"

"हो."

एरवी ठेवताना ती "ये गं कधीतरी" म्हणते. या वेळी म्हणाली, "आता यावंच लागेल तुला. आईसमोर बोल."

तर हे जे लिहिलंय ते सोमवारी साहेबांच्या टेबलावरही ठेवणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. त्याआधी शनिवारी येतेय. अण्णा, तुमची मान खाली जाणार, त्याला इलाज नाही. ज्यांना शिव्या घालायच्या आहेत त्यांनी खुशाल घाला, पण मनीषाचं नाव घेऊन पुन्हा मोबाईल म्हणू नका. मला आधी शांतामावशीकडं जायचंय. गाव म्हणजे आता मला तेवढं एकच दार उरलंय. ते उघडलं नाही, तर बाहेर उभी राहून सांगेन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.